‘विषाणू’ या शब्दाचा विग्रह

जबाब देणार: वार्ताहर, गावात ‘शास्त्री’ या टोपणनावाने परिचित, वय ५३ वर्षे, धंदा बातम्या लिहिणे, राहणार छापखान्यामागील गल्ली.

ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, माझी थोरली बहीण फळसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ आहे. पपईवरच्या विषाणूजन्य रोगाने आसपासच्या बागा बसल्या आहेत. त्याच विषाणूच्या जनुकाचा तुकडा पपईत घातला तर झाडाला तो रोग धरत नाही, हे तिचे अकरा वर्षांचे काम. अशी बेचाळीस झाडे केंद्राच्या कुंपणात उभी होती. फळे पिकून बी हाती यायला दीड महिना बाकी होता.

गेल्या रविवारी मी या कामावर कौतुकाचा लेख लिहिला. वाचकांना गंमत वाटावी म्हणून सुरुवातीलाच ‘विषाणू म्हणजे विषाचा अणू’ असा समास सोडवून दाखवला. दुसरे काही कारण नव्हते.

आज सकाळी सव्वाआठला ताईचा फोन आल्यावरून केंद्रावर गेलो. फाटकाचे कुलूप तुटलेले होते. वीस-बावीस माणसे कोयत्याने झाडे तोडत होती. पुढे शेजारचे बागवान काका होते. त्यांची बाग याच रोगाने गेली असून पहिली रोपे त्यांनाच द्यायचे ठरले होते. त्यांनी खिशातून माझ्या लेखाचे कात्रण काढून दाखवले. समासाखाली शाईने रेघ मारलेली होती.

मी म्हणालो, “काका, थांबा. विषाणू म्हणजे विष नव्हे.”

ते म्हणाले, “मग शब्दात विष कशाला घातलंय? तूच फोड करून दिलीस ना, शास्त्र्या? नातवंडांना काय अणू-अणू चारू?”

व्युत्पत्ती त्यांच्या बाजूने होती. पपईचे खोड पोकळ असते, एका घावात जाते. मी उत्तर जुळवेपर्यंत बेचाळीसही आडवी झाली.

ताई पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली होती. हातात कापलेले हिरवे फळ होते. आतले बी अजून पांढरे, कोवळे होते. ती एवढेच म्हणाली, “समास सोडवायलाच हवा होता का रे?”

काकांविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारले. ताईने नाही म्हणून सांगितले आहे. माझ्याविरुद्ध कोणी तक्रार लिहून घेत नाही.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. तीन ठिकाणी ‘विषाणू’ऐवजी ‘विष’ पडले होते. दुरुस्ती मागितली. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, अर्थ तर पोहोचतो ना?”

पोहोचतो. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.