एकच गादी, दोन माणसं

मंडळी, नमस्कार. सुनंदावहिनी, पोरींनो, तालमीची माणसं, हुपरीहून आलेले पावणं, आणि आमच्या दुकानातले सगळे.

माझं नाव आनंदा पोवार. भूपाल चौगुले आणि मी साडीच्या दुकानात एकाच गादीवर, शेजारी शेजारी, सत्तावीस वर्षं बसलो. म्हणून माईक माझ्या हातात दिलाय. पण मला भाषण येत न्हाय. साडी दाखवायची असती तर तासभर बोललो असतो. माणूस गेल्यावर काय बोलायचं ते कुणी शिकवलेलं न्हाय. आणि शुद्ध बोलायला गेलो की माझं मलाच खोटं वाटतं, म्हणून हाय तसंच बोलतो.

खरं सांगू? मघाशी ह्या हॉलमध्ये पाय ठेवला, एवढी गर्दी बघितली, आणि मला आधी रडू न्हाय आलं. आधी पोटात दुखलं. म्हटलं, मी गेल्यावर एवढी माणसं येतील का? न्हाय येणार. ह्या मागं बसलेल्या बायका बघा. त्यांना मी वळखतो. ही आमची गिऱ्हाईकं हैत. दुकानातल्या नोकराच्या शोकसभेला गिऱ्हाईक आलेलं कुणी बघितलंय का? भूपालच्या आल्यात.

जाता जाता बी ह्यानं मला मागं टाकलं.

हसा की. वहिनी, तुम्ही बी हसलात तर चालेल. त्याला आवडलं असतं.

तर हे माझं दुखणं आजचं न्हाय, लई जुनं हाय. लग्नाचा बस्ता बांधायला माणसं आमच्याकडं यायची. नवरीकडची दहा, नवऱ्याकडची दहा, वर एखादी शेजारीण. जिना चढतानाच इचारायची, "भूपालमामा हैत का?" मी समोर बसलेला. चष्मा पुसून, मांडी घालून, हसून बसलेला. "या की पावणं, मी दाखवतो." तर म्हणायची, "नगं, मामा मोकळे होऊ देत, थांबतो आम्ही." थांबतो! रिकामा माणूस समोर असताना थांबतो म्हणायची. सत्तावीस वर्षं मी ते ऐकलं, मंडळी.

त्याची एक तऱ्हा हुती. बस्त्याला आलेल्या घोळक्यात सगळ्यात मागं बसलेली, कुणी काही न इचारलेली बाई तो हेरायचा. एखादी विधवा आत्या, नायतर धाकटी जाऊ. पहिली साडी स्वतःच्या खांद्यावर टाकायचा, पदर सोडायचा, आणि नवरीच्या आईला सोडून त्या बाईला इचारायचा, "आक्का, तुम्हाला काय वाटतं?" ती आधी लाजायची. मग पुढं सरकायची. मग काठाला हात लावायची. आणि त्या घरात पुढचं लग्न निघालं की तीच सगळ्यांना घेऊन यायची, भूपालमामाकडं.

मी म्हटलं, ह्यात काय अवघड हाय? मी बी केलं. मागची बाई हेरली, शालू खांद्यावर टाकला, "आक्का, तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणली, "मला काय इचारतासा? मी टेम्पोवाल्याची बायको. गाडीत जागा हुती म्हणून आले." सगळं वऱ्हाड हसलं. शेजारी भूपाल घडी घालत हुता. तो हसला न्हाय. तो तिला म्हणला, "म्हणून तर तुम्हाला इचारलं आक्का. घरातल्यांचं एकमत होत न्हाय, बाहेरच्यानं सांगितलं की ऐकतात." आणि ती बाई बोलली की! तिनं काढून दिलेला शालूच नवरीनं घेतला.

माझी चूक त्यानं सावरली. मी त्याचे आभार मानायला पायजे हुते. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो न्हाय.

तेव्हा आमचे मालक अण्णा हुते. अण्णा काय देव न्हवते. सुट्टी मागितली की तोंड फिरवायचे. पण सकाळी दुकान उघडलं की आमच्याबरोबर गादीवर बसून चहा प्यायचे, आणि कुणाची पोरगी कितवीत हाय ते त्यांना तोंडपाठ हुतं. अण्णा गेले, आणि पोरांनी दुकान मोठ्या कंपनीला दिलं. कंपनीचं नाव मी घेत न्हाय. साहेब पुढच्या रांगेत बसल्यात.

कंपनीनं सगळ्यात आधी गाद्या काढल्या. काचेची कपाटं आली, हँगर आले, गार हवा आली. दिसायला छान झालं, खोटं कशाला बोलू? पण खाली बसायचं न्हाय. सकाळी दहा ते रात्री नऊ, उभं. जन्मभर मांडी घालून बसलेली माणसं आम्ही, आम्हाला सांगितलं, उभारा. स्टूल मागितलं तर म्हणले, गिऱ्हाईकापुढं बसलेला माणूस आळशी दिसतो. जुनी माणसं एकेक करून गेली. कंपनीनं कुणाला काढलं न्हाय बरं का. नुसतं उभं केलं. माणसं आपली आपण गेली.

शेवटी राहिलो आम्ही दोघं.

मग कंपनीच्या डोक्यात आलं, वरच्या मजल्यावर 'पारंपरिक बस्ता कॉर्नर' काढायचा. पांढरी गादी, दोन लोड, पितळेची समई. गादी एकच. तिच्यावर एकच जुना माणूस बसणार. दुसरा खाली दारात उभारणार, बाहेर जाणाऱ्यांची बिलं बघून शिक्का मारायला.

तेव्हाच्या मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. आत्ताचे साहेब न्हवं, त्यांच्या आधीचे. म्हणले, "पोवार, तुम्ही चौगुलेंना इतकी वर्षं ओळखता. गादीवर कोण बसावं?"

मंडळी, आता जे सांगतोय ते सुनंदावहिनींना बी म्हाईत न्हाय. चार दिवस ठरवतोय, सांगू का नको.

मी म्हटलं, "साहेब, भूपालला अलीकडं ऐकू कमी येतं."

खोटं. साफ खोटं. जिन्यावरनं नुसती बांगड्यांची किणकिण आली तरी माणसं किती आल्यात ते भूपाल सांगायचा.

का बोललो? माझे गुडघे दुखत हुते, ते खरं. पण मी गुडघ्यापायी बोललो न्हाय. मला एकदा, एकदाच, भूपाल शेजारी नसलेली गादी पायजे हुती. माणसांनी जिना चढून यावं आणि दुसऱ्या कुणाला न इचारता माझ्यापुढं बसावं. एवढंच पायजे हुतं.

मी गादीवर बसलो. भूपाल दारात उभारला. दोन वर्षं उभारला.

आणि कंपनीनं काय केलं? त्याचा कान तपासला? न्हाय. त्याला बोलावून इचारलं? न्हाय. आयुष्य दुकानात घातलेल्या माणसाचा निकाल माझ्यासारख्या जळकुकड्याच्या एका वाक्यावर लागला. कारण त्यांना कान तपासायचाच न्हवता. दोघांतला एक कमी करायचा हुता, आणि तो आमच्यातल्याच एकाकडनं कमी करून घ्यायचा हुता. मी फुकटात करून दिलं.

बरं, मला काय मिळालं? पोरी वर यायच्या, समईपाशी फोटो काढायच्या. "काका, जरा सरकता का? फोटोत येताय." आणि खालनं हसण्याचा आवाज यायचा. दारात बायका घेतलेली साडी पिशवीतनं बाहेर काढायच्या आणि शिक्का मारणाऱ्या माणसाला इचारायच्या, "मामा, बरी हाय का हो?" तो बघायचा आणि सांगायचा, "रंग झकास हाय. पण तुमच्या उंचीला काठ मोठा घ्या." बाई माघारी फिरायची आणि बदलून आणायची. ह्याबद्दल कंपनीनं त्याला पत्र दिलं. दारात ग्राहकांशी अनावश्यक बोलू नये. मी वर गादीवर, लोडाला टेकून, आणि मला हेवा कुणाचा? दारात उभारलेल्या माणसाचा.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत खाली आलो. त्याचे पाय सुजलेले दिसले, चपलेचे पट्टे कातडीत रुतलेले. म्हटलं, "भूपाल, बस की जरा पायरीवर." त्यानं कानामागं हात धरला आणि सगळ्या दारात ऐकू जाईल असं ओरडला, "आं? काय म्हणलास आनंदा? मला ऐकू कमी येतंय न्हवं का!"

आणि हसला.

त्याला म्हाईत हुतं. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, मला अजून कळलेलं न्हाय. मी म्हटलं, "भूपाल, मी..." तर तो म्हणला, "जेव आधी. अर्धा तास हाय नुसता. तुझे गुडघे माझ्यापेक्षा वाईट हैत, तू बसलास ते बरं झालं."

शिवी घातली असती तर मी सुटलो असतो. त्यानं शिवी बी दिली न्हाय. मला त्याचा बी राग आला. माफ करण्यात बी हा माझ्या पुढंच! हे आज बोलतोय, पण तेव्हा मी गप वर गेलो, गादीवर बसलो आणि डबा खाल्ला.

गेल्या सोमवारी सकाळी कामावर निघताना तो उंबऱ्यातच कोसळला. डॉक्टर म्हणले, हृदय. उभारून उभारून गेला असं मी म्हणत न्हाय. मी डॉक्टर न्हाय. मी केलं तेवढं सांगतो.

साहेब, कंपनीचा हार पोचला. पट्टीवर लिहिलंय, 'आमच्या परिवारातील सदस्य'. परिवारात माणसाला ऐकू येईनासं झालं तर त्याला दवाखान्यात नेतात, साहेब. तुमच्या फायलीत त्याच्या नावापुढं 'श्रवणदोष' लिहिलंय. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. ते खोडा. त्याच्या खाली लिहा, हे आनंदा पोवारनं खोटं सांगितलं. मी सही करतो. मग मला दारात उभं करा, नायतर घरी पाठवा. मला घरी बसायची हौस न्हाय. धाकट्या पोराचं कॉलेज अजून सरायचं हाय. तरी बी सही करतो. माणूस गेला, निदान त्याच्या कागदावर तरी खोटं ऱ्हायला नगं.

वहिनी, तुमच्याकडं मी माफी मागत न्हाय. तुम्ही बी त्याच्यासारख्याच, लगेच देऊन टाकाल. मला तेवढ्यात सुटायचं न्हाय. तुम्हाला जेव्हा शिव्या घालाव्या वाटतील तेव्हा बोलवा, मी येईन.

आता भूपालसाठी दोन मिनिटं शांत ऱ्हाऊया. अशा वेळी उभारायची रीत हाय, मला म्हाईत हाय. पण आज कुणी उभारू नका. हाय तिथं, बसूनच.

साहेब, तुम्ही बी उठू नका. बसा.