तापी फाइव्हमधला पाचवा

दिपमाला: ...पण नाना, एक आधीच सांगून ठेवते. माझ्या सासऱ्यांसमोर त्या रेकॉर्डचं नाव काढायची सोय नाही. आमच्या लग्नात यांच्या मामांनी सहज विषय काढला, तर आबा भरल्या ताटावरून उठले.

रतिलाल: मले माहीत आहे बेटा. म्हनून तर फोन केला नाही. सरळ एसटीत बसलो. असोद्याहून जळगाव, जळगावहून चोपड्यावरून अठी शिरपूरले. फोन केला असता तर त्यानं मले नको येऊ म्हनलं असतं, आन मी आलो नसतो.

दिपमाला: पिशवीत तीच आहे ना?

रतिलाल: तीच. पन नवी कोरी. मुंबईच्या कंपनीले जुन्या गोडाउनात मूळ टेप सापडली. ती त्यांनी कॉम्प्युटरवर चढवली, खरखर काढली, आवाज साफ केला, आन परत तशीच मोठी काळी तबकडी बाजारात आनली. आमचं रॉक अँड रोल. पन्नास वर्षांच्या वर झाले, आन पुन्यामुंबईची पोरं आता ते इकत घेतात म्हने.

दिपमाला: सासूबाई सांगायच्या, तुझे सासरे ड्रम वाजवायचे म्हणून. मला वाटायचं, शाळेच्या बँडमध्ये असतील.

रतिलाल: सुरुवात शाळेच्याच बँडात. मग हिलाल, तुझा सासरा, रेल्वेच्या कामाले लागला, भुसावळले आला. मी तठी मामाकडे राहून कॉलेज करे. शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधे नाच राहे, साहेब लोकांचा. गानारा डेरिक, इंजिन ड्रायव्हरचा पोरगा. आमी पाच जन. नाव ठेवलं तापी फाइव्ह. गानी इंग्रजी, पन आमचीच. डेरिक लिहे, मी चाल लावे.

हिलाल: कोन उनं वं दिपा?

दिपमाला: आले बघा मागच्या दारानं. आबा, पाहुणे आलेत.

रतिलाल: मी आहे, रतिलाल.

हिलाल: जोरमा बोल भो. आनि समोर बठ. तोंड दिसनं पायजे, मंग मले समजस.

रतिलाल: रतिलाल भोळे. असोद्याचा.

हिलाल: ते तर तुनं नाक देखीसनच वळखं. बरा उना. मनी भागाबाई गयी तवय उना व्हता, त्यानंतर आज. केळी काय म्हनस?

रतिलाल: केळी बरी आहे औंदा. भाव बी बरा आहे. पोरगं पाहतं सगळं, मी नुसता बांधावर उभा राहतो. तुझे कान काय म्हनतात?

हिलाल: कापूसना जिनिंगमा नोकरी करी ना मी, रेल्वे सोडीसन. त्या यंत्रनी खाई टाकात. बारीक आवाज बठ्ठा गयात. पाखरं गयात, फोन गया, दिपानी हाक गयी. जाड आवाज येस. ट्रॅक्टर येस, ढग गरजना तं तो येस.

दिपमाला: कानाचं मशीन आणून दिलंय. कपाटात आहे.

हिलाल: काय म्हने ती?

रतिलाल: मशीन लावा म्हनते.

हिलाल: त्यामा कायम चिडी बोलस. मले नही पायजे. पिशवीमा काय शे?

रतिलाल: केळीचे वेफर. आमच्या सुनंदानं तळून दिले.

हिलाल: वेफर इतला चौकोनी नही ऱ्हातस.

रतिलाल: वेफर बी आहे. आन खाली रेकॉर्ड आहे.

हिलाल: दिपा, मनी टोपी दे. मळामा पानी सोडनं शे.

दिपमाला: आबा, या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. आत्ता मोटार चालायची नाही.

हिलाल: काय?

रतिलाल: लाईट नाही म्हनते. बस आता.

हिलाल: बठस. पन ते मले देखाडू नको.

रतिलाल: काहून?

हिलाल: तुले काय नवीन सांगू? तू व्हता ना तठे. मुंबईले त्या रेकॉर्डिंगवालानी काय करं? म्हने, ड्रम बठ्ठं गिळी टाकस. मना ड्रमवर गोधडी टाकी. तरी नही जमनं, तं मले ड्रमसंगे उचलीसन बाहेर बोळमा बठाडं. दरवाजा आर्धा लाई लिना. माईक एकच, तो तुमना समोर. मी बोळमा. लोके चहाना कप लिसन मना डोकावरथून जायेत. तरी मी वाजाडं. जीव लाईसन वाजाडं, रतिलाल. आनि रेकॉर्ड निंघनी तं तिन्हामा मी कसा? टक, टक. जसं कोनी दार ठोकी ऱ्हायनं आनि घरमा कोनी उठत नही.

दिपमाला: मग कव्हरवर फोटो असेल ना, आबा?

हिलाल: काय म्हने?

रतिलाल: फोटोचं विचारते.

हिलाल: फोटोना दिवस मना बापनी बलाई लिनं. कापूस येचाले मानसं नही म्हने. नाव फाइव्ह, आनि फोटोमा चार. लोके बोट लाई लाई मोजेत.

रतिलाल: हे बी खरं आहे. मले आजपर्यंत इचारतात, पाचवा कोन होता.

हिलाल: मना लगीनमा सासरवाडीले मीच लई गयथू ती रेकॉर्ड. हौस व्हती. लाऊडस्पीकरवर लाई दिनी. बठ्ठा मांडव आयके. एक जन म्हने, जवाईबापू, यामा तुम्ही कोठे शेतस? आनि मांडव हासना. त्या दिवसपाईन मी ड्रमनी काडीले हात लाया नही.

दिपमाला: सासूबाई पण हसल्या का?

हिलाल: काय?

रतिलाल: भागाबाई हासल्या का म्हनते.

हिलाल: ती नही हासनी. ती म्हने, मले तं आयकू येस तुम्हना ड्रम. नवी नवरी, काय बोलीन बिचारी. खोटंच बोलनी. पन मंग जनमभर तेच बोलनी, मांगे हटनी नही.

रतिलाल: खोटं नसंन बोलली.

हिलाल: तू बी सुरू व्हयना आते.

रतिलाल: ऐक तर. कंपनीत मोहिनी नावाची पोरगी आहे, आवाज साफ करायचं काम करते. डिंपलच्या, मह्या नातीच्या, मोबाइलवर तिचा फोन आला. मले म्हने, तुमच्या गान्याच्या मागं कोनीतरी लय जोरदार वाजवतंय, तो कोन? आमच्याकडे नावं चारच आहेत. मी म्हनलं, हिलाल पाटील. म्हने, तो कुठं बसला होता? मी म्हनलं, बोळीत. मले वाटलं आता हासंन. हासली नाही. म्हने, तरीच. दारातून जाड आवाज सगळा आत येत होता, आन टेपवर उतरला होता. जुन्या तबकडीवर घेताना त्यांनी तो छाटून टाकला. टेपवर तू पयल्यापासून आहे, हिलाल.

हिलाल: परत सांग. सावकाश सांग.

रतिलाल: टेपवर तू आहे. पुरा. पयल्या गान्यापासून शेवटच्या गान्यापर्यंत.

हिलाल: टक टक?

रतिलाल: टक टक नाही. ड्रम. तिनं मले दोन नमुने ऐकवले. एक जुन्यासारखा, एक तुझा आवाज बाहेर काढून. म्हने, डेरिक तर गेले, त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात आहे, ती म्हनते रतिलाल अंकल म्हनतील तसं करा. तर तुमीच सांगा, कोनता छापायचा. पन दुसऱ्यात तुमची गिटार मागं जाते, ते ध्यानात घ्या.

हिलाल: मंग?

रतिलाल: मंग काय. मी म्हनलं, ड्रमवाला छापा.

हिलाल: तुनी गिटार मांगे गयी?

रतिलाल: गेली थोडी. डिंपल म्हनते, आजोबा, आता तुमची गिटार जास्त बरी वाटते.

हिलाल: हुशार शे पोर.

दिपमाला: आबा हसले. नाना, किती दिवसांनी हसले तुम्हाला माहीत नाही.

रतिलाल: हे पाह्य, मागची बाजू. वाच.

हिलाल: चष्मा दे वं दिपा. हाऊ नही, जाड काचना. ...डेरिक. रतिलाल भोळे. लीलाधर. हाऊ कोन?

रतिलाल: दुसरी गिटार वाजवे तो. पहूरचा लीलाधर. इसरला?

हिलाल: हां, पहूरना. तो बी गया ना. ...चौथा तो बेस गिटारवाला. ...पाचवा, हिलाल पाटील, ड्रम्स. दिपा, इंग्रजी बराबर शे का?

दिपमाला: बरोबर आहे आबा. एच, आय, एल, ए, एल.

हिलाल: मनं नाव शे.

रतिलाल: तुझंच आहे.

हिलाल: आते काय करू यानं? नाव उनं, आवाज उना, आनि कान गयात. भागाबाई बी नही. कोनले आयकाडू?

दिपमाला: मला ऐकवा की. मी काय परकी आहे?

हिलाल: काय म्हने ती?

रतिलाल: तिले ऐकायचं आहे म्हनते.

दिपमाला: आणि आबा, जाड आवाज येतो म्हणता ना? आमच्या बचत गटाचा मोठा स्पीकर आपल्याच घरात ठेवलाय, हळदीकुंकवापासून. नाना, रेकॉर्ड कशावर वाजवणार?

रतिलाल: डिंपलनं मशीन दिलं आहे सोबत, लहान सुटकेससारखं. वायरी मले समजत नाही पन.

दिपमाला: द्या इकडे. गॅदरिंगला शाळेत हेच करते मी. आबा, तुम्ही इथे या. खुर्ची नको, खाली बसा. स्पीकरवर हात ठेवा. दोन्ही.

हिलाल: हाई काय, हात ठेईसन आयकाडस का मले?

रतिलाल: ठेव ना भाऊ. मी इतक्या दुरून आलो.

[तबकडी फिरू लागते. दिपमाला आवाज वाढवत नेते. हिलाल दोन्ही हात स्पीकरवर टेकवतो.]

रतिलाल: येतं का काही?

हिलाल: थांब.

दिपमाला: आबा, त्रास होत असेल तर बंद करू?

हिलाल: थांब म्हनी ऱ्हायनू ना. ...हातले धक्का लागी ऱ्हायना. धप. धप-धप. हाऊ मी शे. रतिलाल, हाऊ मी शे. आठे, आठे देख, आठे मी एक जादा मारेल शे. डेरिक रागे भरना व्हता, याद शे?

रतिलाल: आहे. मग म्हने, राहू दे, छान आहे.

हिलाल: राहू दिना त्यानी. बरा मानूस.

रतिलाल: गानं येतं का पन?

हिलाल: गानं नही येस. तुनी गिटार नही येस. एकला मीच येस. ...तवय बी असंच व्हतं.

रतिलाल: म्हंजे?

हिलाल: बोळमा मले गानं कोठे आयकू ये? दरवाजा आर्धा लायेल, मना ड्रम मनाच कानमा. त्या फटमाईन फक्त डेरिकना पाय दिखे. तपकिरी बूट व्हता. तो बूट जसा हाले, तसं मी वाजाडू. गानं बदलनं का बूटनी चाल बदले. मी बूटवर नजर ठेई.

दिपमाला: म्हणजे आख्खी रेकॉर्ड आबांनी बूट बघून वाजवली?

रतिलाल: हे तू कधी बोलला नाही.

हिलाल: कोनी इचारं नही. जो तो इचारे, तू कोठे शेस. कसं वाजाडं, हाई कोनी इचारं नही.

रतिलाल: मले वाटे, तू आमाले ऐकून वाजवतो. सगळ्या जागा बरोबर कशा धरल्या तू, पाय पाहून?

हिलाल: पाय खोटं नही बोलस.

रतिलाल: मग आता मह्या पायाकडं पाह्य. मी गानं ऐकतो, पाय हालवतो. म्हंजे गानं कुठं चाललं तुले समजंन.

हिलाल: तुना पाय चुकस. पयलेपाईन चुकस.

रतिलाल: चुकू दे.

हिलाल: हलाव. चप्पल काढ. हां. ...आते समजनं. हाई दुसरं गानं लागनं. डेरिकनी मायनं गानं.

रतिलाल: तेच. आईचंच आहे. कसं वळखलं?

हिलाल: सावकाश शे. तिन्हा नावनं गानं त्यानी कधीच घाईमा म्हनं नही.

दिपमाला: नाना, बाहेर सुगंधाबाई आल्यात. विचारतात, कोणाच्या घरी लगीन आहे? गल्ली हादरतेय म्हणे.

रतिलाल: हिलाल, शेजारच्या सुगंधाबाई इचारतात, कोन वाजवतंय?

हिलाल: सांग त्यासले. मी.

दिपमाला: सुगंधाबाई, आमचे आबा वाजवताहेत. हो, आबाच. या ना आत, बसा. चहा टाकते.

रतिलाल: हिलाल, आनखी एक गोष्ट. दिवाळीनंतर भुसावळले लहानसा कार्यक्रम ठेवनार आहेत, तठी हे वाजवतील. डेरिकची मुलगी येनार आहे. आपन दोघं जायचं का? वाजवायचं काही नाही. नुसतं बसायचं.

हिलाल: पुढे बठाडतीन का मांगे?

रतिलाल: तू म्हनशील तठी.

हिलाल: स्पीकरजवळ बठसू. दिपाले बी लई जाऊ. तिले वायरी समजतस.

दिपमाला: आबा, मला एक सांगायचंय. रागावू नका.

हिलाल: काय म्हने?

दिपमाला: तुमचा ड्रम इतका मोठा लावलाय मी, की भांडी वाजताहेत फळीवरची. पण त्या डेरिककाकांचा एक शब्दही कळत नाही मला.

रतिलाल: ती म्हनते, तुझ्या ड्रमच्या मागं डेरिकचं गानं ऐकू येत नाही.

हिलाल: मंग कमी कर ना माय.

रतिलाल: कमी केलं तर तुले काहीच समजनार नाही, हिलाल.

हिलाल: मी तं शेच आते. डेरिकले गाऊ दे.