ग्रहण पाचव्या महिन्यातलं, चूक त्याआधीची

आज कीर्तनात आधी दोष लावतो, मग नाम घेऊ! अहो, पुढं लोडाला टेकून बसलेले ज्योतिषीबुवा! हो, तुम्हीच! तुमच्या शब्दाशिवाय या गावात मांडवाचा खांब रोवत नाहीत. एका तान्ह्या पोरीचा जीव तुमच्या जिभेनं गेला! आता मंडळी, सांगा — पोर अधू जन्मलं, तर दोष कुणाचा? आईचा? बरं. ऐका.

खालच्या आळीची मालन. पाचवा महिना, वर सूर्यग्रहण, आणि हिनं दोडका चिरला. पुढं पोरगी झाली, जाई. डोळे तिरके, मान लुळी, काळजाला भोक. सासूनं बाळंतिणीलाच धरलं, "ग्रहणात विळी घेतलीस का गं?"

"घेतली, आत्याबाई. भूक लागली होती."

झालं! निकाल लागला!

अहो, त्याच ग्रहणात दावणीला गाभण म्हैस कराकरा कडबा तोडत होती — तिचं रेडकू गावभर उड्या मारतंय! हसता? हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मालनच्या नवऱ्याला, महिपतीला, समोर बसवलं. "दादा, माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. बीज तयार होताना प्रत्येक जोडी सुटायला हवी. जोखडातून बैल सोडतो ना, एक इकडं, एक तिकडं — तशी. एकविसावी सुटलीच नाही! दोन्ही एकाच बीजात गेली, जोडीदाराकडून तिसरं आलं. दोनाच्या जागी तीन."

"मग ग्रहण?"

"ते पाचव्या महिन्यात लागलं ना? ही चूक दिवस राहण्याआधीची. आणि अशी चूक कधी बापाच्या बीजातही होते. भोक बुजवता येतं. वीस तारखेला ऑपरेशनला आणा."

महिपतीला पटलं होतं हो! पण वाटेत तो तुमच्याकडं आला. तुम्ही काय बोललात? "आधी दोषशांती. चाळीस दिवस मायलेकींनी वेस ओलांडायची नाही."

वीस तारीख गेली. जाई दूध ओढताना घामानं भिजायची, ओठ निळे पडायचे. तिसाव्या दिवशी मालननं नवऱ्याचे पाय धरले. "अहो, नेऊ या ना!"

"दहाच दिवस राहिलेत गं."

एकतिसाव्या दिवशी जाई गेली. वेशीच्या आत! नियम नाही मोडला कुणी!

आणि मंडळी, तुम्ही? शांतीच्या पंगतीला बसलात. मीही बसलो.

मालन आज मागं बायकांत बसली आहे. तिला पुन्हा दिवस गेलेत. स्वतःच्या पोटावर हात ठेवायला भिते ती — आपलाच हात बाधेल म्हणून! तिला सगळ्यांदेखत कोण सांगणार, "बाई, तुझा दोष नव्हता"? लोडावरचे, तुम्ही? टाळ थांबवलेत मी. उठा. उत्तर द्या!