नागपुरावरचं धुकं

आमच्या बाबांना चष्म्यामुळे पायलट होता आलं नाही. मग काय, भोपाळला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बसून ते कॉम्प्युटरवर विमान उडवायचे, तेही अगदी नियमाने. आधी त्या दिवसाचं खरं हवामान बघून तेच कॉम्प्युटरमध्ये घालायचं, इंधनाचा हिशेब करायचा, मार्ग कागदावर लिहून काढायचा.

एका रविवारी सकाळी त्यांनी नागपूर निवडलं. ते आईचं माहेर. मामा गेल्यापासून सहा वर्षं तिला तिकडून कुणी बोलावलं नव्हतं. हातातली मेथी तशीच ठेवून ती शेजारी येऊन बसली.

नागपुरात त्या दिवशी खरंच दाट धुकं होतं. विमान दोनशे फुटांवर आलं तरी धावपट्टी दिसेना. बाबांनी ते पुन्हा वर घेतलं.

"अहो, उतरवा ना!"

"धावपट्टी दिसली नाही तर परत फिरायचं. नियम आहे."

"पण हे खोटंच आहे ना?"

बाबा उरलेल्या इंधनाचा हिशेब करू लागले.

"इतक्या जवळ आलो होतो हो," आई हळूच म्हणाली.

बाबांनी विमान तसंच हवेत सोडलं, स्कूटर काढली आणि हबीबगंज स्टेशनवरून नागपूरच्या गाडीची दोन तिकिटं आणली.

"पण आपल्याला बोलावलंय कुणी?" आईने विचारलं.

"नसू दे," बाबा म्हणाले. "रस्त्यावरून घर तर दिसेल."