पलंगाजवळचं बटण

…आणि वर मुलगा मलाच विचारतो, "आबा, बटण दाबलं होतं का नक्की?" आता काय बोलायचं? विक्रोळीच्या कारखान्यात चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं मी, एक वेळ भाकरीचा तुकडा तोंडात घालायचा विसरेन, पण बटण दाबायचं? तुम्हाला सांगतो, विसरलो नव्हतो मी!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, मला काही घाई नाही… आमच्या शकुचं, म्हणजे बायकोचं, चार महिन्यांमागं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला दिव्यासाठी उठायला नको म्हणून खोलीतल्या एका दिव्याला दोन बटणं झाली. एक दारात, एक पलंगाजवळ. जिन्याला असतं ना, खाली लावा, वर जाऊन विझवा, तसलं. टू-वे म्हणतात. आता साधं बटण म्हणजे सरळ माणूस, दोन स्क्रू, चालू म्हणजे चालू, बंद म्हणजे बंद. बेलचं बटण हट्टी, बोट काढलं की उसळून परत जागेवर. पण टू-वे? त्याला तीन स्क्रू, आणि त्याला चालू-बंद ठाऊकच नाही हो! ते नुसती वाट बदलतं, ह्या वायरीवरून त्या वायरीवर. दोन्ही बटणं एकाच वाटेवर आली की दिवा लागतो. नवरा-बायकोसारखं.

तर मी दारातलं बटण दाबायचो, दिवा ढिम्म! हाक मारायचो, "प्रबुद्ध, अरे दिवा गेला!" मुलगा यायचा, तोवर दिवा लख्ख! "आबा, लागलाय की." एकदा नाही, पाच वेळा असं. मग तो आणि सूनबाई, आमची चेतना, स्वयंपाकघरात कुजबुजणार, "गेल्या महिन्यात जुन्या चाळीत जाऊन उभे राहिले होते ना…" अरे, गेलो होतो! चाळ पाडून तीन वर्षं झाली हे माहीत होतं मला, नुसता बघायला गेलो होतो… तिथल्या खोलीची किल्ली खिशात होती, पण ती असतेच खिशात. विसरलो नव्हतो मी!

पण नाही. सोमवारी अकराला मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली. तो म्हणे कागद देतो आणि घड्याळाचं चित्र काढायला लावतो. मला सहीपुरतं धोंडिराम लिहिता येतं, तेही घाम फुटून, आणि म्हणे घड्याळ काढा! मी म्हटलं, "प्रबुद्ध, दिव्याचा बिघाड शोधून दाखवला तर डॉक्टर कॅन्सल?" म्हणाला, "कॅन्सल, आबा."

झालं! रविवारी सकाळीच बसलो. आधी बल्ब काढून दुसरीकडं लावला, पेटला, म्हणजे बल्ब निर्दोष. मग बटणाच्या पट्टीवर हात ठेवला, गरम? नाही. कान लावला, चरचर? नाही. जळका वास? तोही नाही. स्क्रू सैल असला की ह्यातलं एक तरी लक्षण येतंच. मग दोन्ही बटणं आलटून पालटून टक-टक, टक-टक… शकु म्हणाली, "अहो, दिव्याआधी माझं डोकं जाईल आता!"

आणि सापडलं! पलंगाजवळचं एका बाजूला असलं की दारातलं चालतं, दुसऱ्या बाजूला असलं की दारातलं मेलेलं. म्हणजे मी हाक मारली की शकु बिचारी पडल्या पडल्या आपलं बटण हलवून बघायची, दिवा लागायचा, आणि म्हातारा खोटा! जोडणी चुकलेली, दुसरं काय? कुणाची? सोसायटीच्या वायरमनची, देवेशची! लावला फोन.

"काय रे देवेश, टू-वे जोडायला कुठं शिकलास तू?"

"जय भीम काका. कुठलं टू-वे? मी तुमच्याकडं फक्त गीझरला आलेलो."

"विसरला असशील!"

"नाय ओ काका!"

बघा! ह्या वयात ह्या पोरांना चार महिन्यांपूर्वीचं आठवत नाही, आणि डॉक्टरकडं न्यायचं मला!

मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, पलंगाजवळचं बटण उघडलं. चेतना बॅटरी धरून उभी. वायर बाहेर ओढली आणि… मधल्या स्क्रूच्या वायरीला निळी टेप. दोन वेढे, शेपटी आत दुमडलेली.

मला अक्षर येत नाही ना, म्हणून कारखान्यातल्या मुकादमानं शिकवलेलं, धोंड्या, मुख्य वायर मधल्या स्क्रूला, आणि तिला निळी टेप, शेपटी दुमडून. अख्ख्या मुंबईत ती शेपटी दुमडणारा मी एकटा उरलोय.

चेतना वाकली. "आबा, मुख्य वायरीचं 'सी' अक्षर ह्या कडेच्या स्क्रूवर आहे. मधल्यावर नाही." आता नव्या बटणांत मधला स्क्रू कडेला गेला, हे मला कुणी सांगायचं?

पण ते राहू द्या हो… मी हे जोडलं कधी? शकु हॉस्पिटलात, ही दोघं कामावर, घरात मी एकटा… असेन. आठवेना. माझ्याच हातचं काम माझ्या हातात, आणि काही केल्या आठवेना. चेतना हळूच म्हणाली, "आबा, मी कुणाला बोलणार नाही."

तेवढ्यात दारातून प्रबुद्धचा आवाज, फोनवर, "देवेश, तुझ्यापायी मी माझ्या बापाला डॉक्टरकडं न्यायला निघालो होतो!" तिकडून पोरगा शपथा घेतोय… मला ऐकवेना.

"ठेव तो फोन. ते काम माझं आहे."

"तुमचं? मग आबा, इतके दिवस बोलला का नाहीत?"

काय सांगू?… "विसरलो," म्हटलं.

मग वायर कडेच्या स्क्रूला घेतली, टेप तशीच ठेवली, मेन चालू केला. आता दारातून लावा, पलंगावरून विझवा, दिवा एकदम शहाणा. शकु खूश आहे.

बिघाड सापडला की डॉक्टर कॅन्सल, असंच ठरलं होतं मंडळी. पण निघाले दोन. एक मी काढला. दुसऱ्यासाठी जायचंय, सोमवारी अकराला… जरा आठवण करा हं मला.