दारव्ह्याचं शिकलेलं घर

सिनेमात आपल्या लोकांना कुठं जागा भेटते म्हणता? भेटते ना, आमच्या शोभामावशीले भेटलती.

दारव्ह्यात एका कौटुंबिक सिनेमाचं शूटिंग होतं. गोष्ट दारव्ह्याच्याच घरची, पण आजोबांपासून नातीपर्यंत सगळे नट पुण्या-मुंबईचे. दिग्दर्शकाचं मन मोठं. म्हणाला, "विदर्भालाही प्रतिनिधित्व द्यायचंय." म्हणून मावशीले घेतलं, मोलकरीण!

मावशी पैठणी नेसून गेलती. तिले फाटकं लुगडं देलं. बिचारीनं तेही हौसेनं नेसलं.

दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, अजून जरा वऱ्हाडी बोला ना."

मावशीनं विचारलं, "मलेच वऱ्हाडी बोला म्हणता, मंग हे घरचे लोक पुण्यावानी काहून बोलून राह्यले?"

"अहो, ते शिकलेलं कुटुंब आहे."

आता मात्र मावशीचा आवाज चढला. "दारव्ह्याच्या शाळेत तीस वर्सं मराठी मीच शिकवलं जी! हे तर माह्या वर्गात कधी दिसले नाहीत."

सारं युनिट हसलं, दिग्दर्शक सोडून. संध्याकाळपर्यंत मावशीचा रोल गेला.

आता सिनेमातली मोलकरीणही मुंबईचीच आहे.