नमुना नंबर सात

...नाय, पण मला एक सांगा, उंदीर पकडायला मांजर सोडायचं तर सोडा की, मी कुठं नको म्हणतोय, पण त्याला बापाचा हात कशाला लागतो? आणि वर दटावायचं, "नाना, बोलू नका!" तुम्हाला सांगतो, मी बोलतच नाय. आपला स्वभावच गप्प!

दोन हजार चार सालची गोष्ट. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा, आणि आमची भाग्यश्री इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉम्प्युटरची इंजिनिअर, आमच्या अख्ख्या भावकीत पहिली, हां! तिचा प्रोजेक्ट काय, तर माऊस नुसता हलवला की हात कुणाचा ते मशीननं ओळखायचं. म्हणजे अक्षर कसं ज्याचं त्याचं असतं, तसा माऊसवरचा हातपण ज्याचा त्याचा. त्यासाठी तिला पायजे होते नमुने. मैत्रिणींचे झाले, तिच्या आईचा, म्हणजे आमच्या कमळाबाईचा झाला, सातवा नंबर माझा. "घरातला खरा नमुना आता आला!" म्हणून कमळाबाई अशी हसली, अशी हसली... मी काय बोललो का? छे! आपला स्वभावच गप्प!

बसलो. म्हणलं आता चित्रंबित्रं दिसतील. कसली चित्रं? काळाकुट्ट पडदा! पोरीनं त्याच्यावर टाइप केलं, सी, ए, टी. आता एवढं इंग्रजी मलापण येतं हो! म्हणलं, "कॅट? माऊस पकडायला मांजर?" तर म्हणती, "हो नाना, कमांडचं नावच कॅट. माऊसमधून जे येतं ते ही उचलते आणि फाइलीत नेऊन टाकते. हलवा आता." हलवला. पडद्यावर काय? काय नाय! म्हणलं, "मांजर झोपलं का काय तुझं?" "नाना, सगळं फाइलीत जातंय, दिसणार नाही. बोलू नका!" आता हात गोल गोल फिरवायचा आणि तोंड मिटून बसायचं, जमतं का माणसाला? मी आपलं सहज लोडशेडिंगवर दोन शब्द बोललो, मग जळलेल्या मोटारीवर, मग पाटीत कोपरापर्यंत हात घालून फुलं वरखाली करतं आणि न घेताच जातं त्या गिऱ्हाइकावर... तेवढ्यात तिनं कंट्रोल-सी दाबून मांजर थांबवलं. झाला नमुना!

परीक्षेला कॉम्प्युटर न्यायचा होता कॉलेजात. नेला आपल्या पिकअपमधनं, खाली-वर झेंडू, मधी कॉम्प्युटर, धक्का म्हणून लागू दिला नाय. बाहेरगावचे परीक्षक आलेले. कागद चाळले आणि नाकातनं म्हणाले, "हे नमुने... अं... घरी बसून रचलेले वाटतात." पोरीचं तोंड एवढंसं झालं हो! वर्षभराची मेहनत, आणि हा बाबा नापास करतो का काय! पण वाघीण हाय माझी. म्हणाली, "खरे आहेत सर. इथंच दाखवते." आणि दारात उभ्या माझ्याकडं बोट केलं, "हे नमुना नंबर सात." अख्खी लॅब फिदीफिदी! मी? आपला स्वभावच गप्प!

तोंड घट्ट मिटून माऊस धरला आणि हात आखडला ना! भरलेली क्रेटं उचलणारा हात, पण पोरीचं सगळं त्याच्यावर आलं ना. मशीन म्हणतं, अननोन, म्हणजे अनोळखी! परत केलं, परत अननोन! माझ्या पोरीचं मशीन मलाच ओळखेना! परीक्षकानं पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात भाग्यश्री कानाशी आली. "नाना, बोला."

"आं?"

"घरी बोलत होता तसं बोला. तुमचा नमुना बडबडीसकट घेतलाय."

मग काय! पाटाला पाणी सोडावं तसा सुटलो! "साहेब, तुमच्याकडं लाइट जाते का? आमच्याकडं येते कधी ते विचारा! अन् आली की अशी येते, मोटारच घेऊन जाते!" ते म्हणतात, "अहो, पण..." म्हणलं, "पण नाय, ऐका आधी!" गिऱ्हाइकापर्यंत पोचलो तवर हात कधी सुरळीत फिरायला लागला, माझं मलाच कळलं नाय. आणि पडद्यावर आलं... एन, ए, एन, ए! नाना! परीक्षक चष्मा काढून बघतोय! मला रडू आलं, आलं तर आलं, लाज कसली त्यात? पोरगी कॉलेजात पहिली आली, पहिली!

नंतर त्या प्रोजेक्टचं पुस्तक बांधून घरी आलं, वर सोनेरी अक्षरं. येईल त्याला दाखवतो, तुम्हालापण दाखवतो. म्हणलं, माझं नाव कुठंय यात? आभारात शोधलं, नाय. सापडलं शेवटच्या पानावर, लिमिटेशन्सच्या खाली! भाग्यश्रीनं मराठीत वाचून दाखवलं, "मर्यादा. नमुना नंबर सात गप्प बसला, तर मशीन त्याला ओळखत नाही." म्हणलं, हे काय छापायचं झालं का, लोक वाचतील, एवढं शिकून मशीनला बाप ओळखता येत नाय म्हणजे काय...

कमळाबाई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मशीनला कशाला बोल लावता? तुम्ही गप्प बसलात तर मीपण नाय ओळखायची."